सारख्या दोन पाकळ्या

"दोन्ही पाकळ्या सारख्या, पाणी सारखं, दगड सारखा… मग एकच का पडावी?"

यशोधन प्रभुदेसाईनं हे विचारलं ते उत्तर हवं म्हणून नव्हे, म्हाताऱ्याला गप्प करावं म्हणून. शिकलेल्यांची ही खोड जुनीच.

भिवा गुरव कौल लावत होता. देवाच्या पाषाणावर दोन्ही खांद्यांना एकेक ओली पाकळी. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. आईनंच यशोधनला ढकलून पाठवलं होतं. पाच वर्षांचं काम उद्या फेकून द्यायचं की ठेवायचं, ते एकदा देवाला विचार म्हणून.

"काम कसला?" भिवानं विचारलं.

"अणूंचं. भयंकर गार केलेले अणू. डावं-उजवं अगदी सारखं, बरोबर मधोमध ठेवलेले. प्रयोगात ते डोळ्याचं पातं लवायच्या आत एका बाजूला कलंडतात. माझ्या गणितात ढिम्म हलत नाहीत! आजा, केसभरसुद्धा नाही!"

छाती काढून सांगत होता. एकेकाला हरल्याचीही ऐट असते.

"मधोमध म्हणजे किती मधोमध?"

"शून्य. बरोब्बर शून्य."

भिवानं त्याची मानगूट धरली आणि नाक पाकळीला लागेल इतकी खाली दाबली.

"वारो नाय. श्वास धर. बघ."

…

"हलतेय," यशोधन पुटपुटला.

"कधीपासून?"

"…लावल्यापासून."

"मग त्यातला शून्य माका दाखव."

यशोधन ताडकन उठला. डोकं गाभाऱ्याच्या चौकटीवर आपटलं, त्याचंही भान नाही.

"सूत्र बरोबर आहे! आजा, सूत्र बरोबरच आहे! सुरुवातीला मी शून्य घातलं! इतकी बारीक वस्तू कधी पुरती गप्प बसतच नाही. थरथर तिच्या अंगातच असते, तीच वाढत वाढत… आणि मीच ती पुसून टाकली! पाच वर्षं!"

हसत होता की रडत होता, देव जाणे. चपला उलट्यासुलट्या अडकवून पळत सुटला. अर्ध्या अंगणातून धापा टाकत परत आला.

"पण आजा… डावी की उजवी, हे आधी ठरवतं कोण?"

आत एक पाकळी पडली. भिवानं वळूनही पाहिलं नाही.

"आधी पडता, मेल्या. मगे ठरता."