मनगटाचे तीन वेढे

ऐका बरं का पोरांनो, आणि थोरांनीही कान जरा इकडे करा. कैक पिढ्यांमागे एका नदीच्या दोन काठांवर दोन गावं होती, आणि दोन्हींत मिळून कुरण एकच. तिथे वर्षभर कोणाची गुरं चरायची, हे मुष्टियुद्धावर ठरायचं. ज्या गावाचा गडी जिंकेल, कुरण त्या गावाचं.

या लढतीची एक रीत होती. आधी दोघा गड्यांनी समोरासमोर बसायचं आणि एकमेकांच्या मुठींना पट्टी बांधायची. स्वतःची स्वतः नाही हं! बोटांवरून चार वेढे, ठोसा मारताना मोडू नये म्हणून मनगटाला तीन घट्ट, मग गाठ. बांधून घेणाऱ्याने पट्टीकडे बघायचं नाही, समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं. ज्याने हात मागे घेतला, तो न लढताच हरला.

त्या वर्षी अलीकडच्या गावाचा गडी होता सुभाना, पलीकडचा नरसू. नरसू म्हणजे केवढा! त्याच्या एका ठोशाने माजलेला बैल खाली बसला, असं लोक सांगायचे. खरं-खोटं देव जाणे, पण सुभानाने ते खरंच धरलं आणि तो घाबरला. आठ दिवस तो भरलं ताट सारून उठायचा.

बायको म्हणाली, "अहो, जमणार नाही म्हणून सांगा ना पंचांना."

"आणि गुरं काय माती खातील?" तो तिच्यावरच खेकसला.

लढतीच्या दिवशी नरसूने आधी सुभानाच्या मुठी बांधल्या, सावकाश आणि नीट. मग आपले पंजे पुढे केले. सुभाना पट्टी गुंडाळू लागला. बोटांवरचे वेढे झाले, तो मनगटापाशी आला आणि त्याच्या मनात आलं, तीनऐवजी एकच वेढा दिला तर? तोही सैल? कोण बघतंय? नरसू बिचारा रीतीप्रमाणे त्याच्या डोळ्यांत बघत होता. सुभानाने नजर खाली घातली, एकच सैल वेढा दिला आणि वर गाठ मात्र चांगली ठसठशीत मारली.

नरसूचा पहिलाच ठोसा सुभानाने कोपरावर झेलला. कट्कन आवाज झाला. नरसू मनगट धरून गुडघ्यावर बसला. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग सुभानाकडे पाहिलं.

कुरण मिळालं, ढोल वाजले, गावाने सुभानाला खांद्यावर घेतलं. पण भीती गेली का? छे हो! उलट घरातच मुक्कामाला आली. पुढच्या वर्षी याच हातांना दुसरा कोणीतरी पट्टी बांधणार होता. न्हावी नखं काढायला बसला, तरी सुभाना दचकून हात ओढून घ्यायचा.

वर्ष सरलं. समोर येऊन बसला तो पुन्हा नरसूच. त्याचं मोडलेलं मनगट जरा वाकडं जुळलं होतं.

"दे हात, सुभाना."

"तू मला सोडणार नाहीस," सुभाना पुटपुटला.

"लढताना नाहीच सोडणार," नरसू हळू आवाजात म्हणाला. "पण पट्टी नीट बांधीन. मागच्या वर्षीचं तुला ठाऊक आणि मला. मी कोणाला सांगितलेलं नाही."

बोटांवरचे वेढे झाले. मनगटाला पहिला पडला. दुसरा पडला.  फसवणं किती सोपं असतं, हे सुभानाइतकं कोणाला ठाऊक होतं? तिसरा वेढा पडायच्या आत तो किंचाळला, "सोड! सोड मला!" आणि त्याने हात हिसडून मागे घेतला.

 पंचांनी काठी आडवी धरली. लढत संपली.

सुभानाच्या मनगटावर दोन वेढे तसेच होते, अगदी हवे तितके घट्ट. तिसऱ्याची पट्टी नरसूच्या हातात राहिली होती. मागच्या वर्षी ज्यांनी सुभानाला खांद्यावर घेतलं होतं, ते आपापली गुरं कुरणातून हाकून नेऊ लागले. त्यांच्यामागून त्याची बायकोही आपली गुरं हाकत निघाली.

तात्पर्य: जो दुसऱ्याचा विश्वास मोडतो, त्याला पुढे कोणावरच विश्वास टाकता येत नाही.