किल्ली घेतलीस का रे?

“पण बाई, ओढ आटते तेव्हा ती जाते कुठे?”

मठातल्या वृद्ध भागाबाई तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

विचारणाऱ्या होत्या डॉक्टर निरुपमा काठाळे. म्हातारपणी माणसातलं काय काय कमी होतं, याच्या संशोधनात त्यांचा जन्म गेला होता. झोप, वास, भूक, तहान. मग बोलणं, जाणं-येणं, आठवण काढणं. त्यांचे निष्कर्ष परदेशात वाचले जात. पूर्णेकाठच्या या लहानशा मठात त्या पहिल्यांदाच आल्या होत्या.

“सगळं उतरत जातं. मी सिद्ध केलंय ते. त्यात आश्चर्य काही नाही.”

“मग आलीस कशाला?”

“मुकुंद, माझे यजमान… त्याला जाऊन बरीच वर्षं झाली. आधी रोज रडायचे. मग सणावारी. परवा त्याचा वाढदिवस होता. मला दुसऱ्या दिवशी आठवला.”

त्यांचा आवाज खाली गेला.

“मला ते रडणं परत हवंय, बाई.”

भागाबाईंनी सूप बाजूला सारलं.

“ज्यांना तहान लागत नाही, त्यांना काय औषध देतेस?”

“औषध नसतं. तहान नसली तरी पाणी पीत जा, म्हणते. शरीराला पाणी हवंच असतं. ते मागत नाही, एवढंच.”

“मुकुंदाला हाक कशी मारायचीस?”

“म्हणजे?”

“मार.”

“इथं? लोक आहेत…”

बाईंनी मानेनंच ‘मार’ अशी खूण केली.

निरुपमाबाईंनी घसा खाकरला. “मुकुंद.”

“अशी मारायचीस?”

“नाही… बाहेर जायला निघालो की दारातून ओरडायचे. त्याचं आवरायचंच नाही कधी.”

“मग दारात जा.”

त्या उठल्या. उंबऱ्याबाहेर जाऊन आत तोंड करून उभ्या राहिल्या. पदर सारखा केला. आणि मग एकदम ओरडल्या,

“मुकुंदाऽऽ! किल्ली घेतलीस का रे?”

खाली नदीवर धुणं धुणाऱ्या बायांनी माना वर केल्या.

निरुपमाबाई मान किंचित कलती करून उभ्या होत्या. आतून कुणी ‘घेतली गं’ म्हणेल, तशा. बराच वेळ तशाच. मग त्या उंबऱ्यावरच बसल्या आणि तोंडाला पदर लावून रडू लागल्या.

भागाबाईंनी त्यांना रडू दिलं.

“तुमचं बरं आहे,” शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या. “लहानपणीच घरदार सोडून इथं आलात. तुम्हाला कसली ओढ नाही.”

भिंतीचा आधार घेत भागाबाई उठल्या. हळूहळू दारापर्यंत आल्या. निरुपमाबाईंचा हात धरून त्यांनी त्यांना उभं केलं.

“आता माझ्या आईला हाक मार. चंपा म्हणायचे तिला. माझा आवाज पोचत नाही गं.”