कोरडे तांदूळ

पूर्वी शालिवन नगरीत राजा भद्रवर्मा राज्य करीत होता. त्या काळी बोधिसत्त्व लेखकांच्या कुळात जन्मला होता आणि राजाच्या न्यायसभेत ताडपत्रांवर निवाडे लिहून ठेवण्याचे काम करीत होता.

त्या नगरीत साक्षीदार नसला की तांदळाचे दिव्य होई. आरोपीने मूठभर कोरडे तांदूळ चावायचे आणि पिंपळाच्या पानावर थुंकायचे. तांदूळ ओले निघाले तर तो निर्दोष. कोरडे निघाले तर चोर, आणि चोराचा उजवा हात मनगटापासून तोडला जाई. खोटे बोलणाऱ्याच्या तोंडाला कोरड पडते, अशी सगळ्यांची खात्री होती. मोठ्या कुळातल्यांना सकाळीच आत बोलावत. कारागीर आणि मजूर अंगणात रांगेने उभे राहत. त्यांची पाळी तिसऱ्या प्रहरी येई.

बोधिसत्त्व प्रत्येक पत्रावर नाव आणि निकाल तर लिहीच, शिवाय महिना आणि प्रहरही लिही. "चोरांच्या कुंडल्या मांडतोस काय रे?" असे इतर लेखक त्याला चिडवत. तो हसे आणि लिहीत राही. मात्र लिहिलेले त्याने कधी मोजले नव्हते.

एका वैशाखात नंदिका नावाच्या विणकरणीवर चांदीचा पेला चोरल्याचा आळ आला. तिचे दिव्य तीन दिवसांवर ठरले. नाव लिहून घेताना बोधिसत्त्वाने विचारले, "काही सांगायचे आहे?"

"चोरी केली नाही, एवढेच," ती म्हणाली. "पण लेखकदादा, चार वर्षांपूर्वी माझा भाऊ कुंदक इथेच उभा होता. त्यानेही केली नव्हती. तेव्हाही वैशाखच होता."

बोधिसत्त्वाने कुंदकाचे पत्र शोधून काढले. वैशाख, तिसरा प्रहर, दोषी. त्याच्या खालचे पत्र पाहिले. चैत्र, तिसरा प्रहर, दोषी. अक्षर बोधिसत्त्वाचे स्वतःचेच होते. त्याने बारा वर्षांच्या पत्रांचे गठ्ठे सोडले आणि महिना-प्रहर पाहून दोषी माणसामागे एक चिंचोका, निर्दोषामागे एक खडा असे ढीग लावायला घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी ढीग पुरे झाले. बोधिसत्त्व न्यायाधीश धर्मघोषांकडे धावला. त्यांनीच त्याला सभेत आणले होते.

"आचार्य, उन्हाळ्यात तिसऱ्या प्रहरी शंभर जणांनी तांदूळ चावले. त्यांतले त्र्याऐंशी दोषी ठरले. सकाळच्या शंभरांतले फक्त नऊ."

"सकाळी कुलीन येतात. दुपारी कारागीर. चोर कोण असतात हे मोजून कळायला हवे काय?"

"मग हेच कारागीर पावसाळ्यात प्रामाणिक होतात का? त्या महिन्यांत तिसऱ्या प्रहरी साठ आले. दोषी पाच. आचार्य, आपण चोर पकडत नव्हतो. आपण तहानलेली माणसे पकडत होतो."

धर्मघोषांनी दार लोटून घेतले. मग हळू आवाजात म्हणाले, "माझ्यामागे ही गादी तुला मिळावी, असे मी महाराजांच्या कानावर घातले आहे. पत्रे बांधून ठेव, बाळा."

बोधिसत्त्वाने पत्रे बांधली नाहीत. ती आणि चिंचोके-खड्यांच्या थैल्या घेऊन तो अंगणात गेला आणि नंदिकेच्या शेजारी उभा राहिला.

"लेखकबुवा, सावली तिकडे आहे," पहारेकरी हसला.

"ठाऊक आहे."

ऊन चढत गेले. नंदिका आपला उजवा हात डाव्या हाताने घट्ट धरून होती. बोधिसत्त्व मनात पुन्हा हिशेब करीत होता. एखादे पत्र सुटले असेल तर? मोजण्यात चूक झाली असेल तर? आपले तांदूळ ओले निघाले, तर ढिगांना सगळे हसतील आणि हिचा हात जाईल. कोरडे निघाले, तर आपला जाईल. त्याने ओठांवरून जीभ फिरवली. ओठ खरखरीत लागले.

तिसऱ्या प्रहरी राजा आला. बोधिसत्त्व पुढे झाला. "महाराज, मी काहीही चोरलेले नाही, हे सारी सभा जाणते. हिच्या आधी मला तांदूळ द्या."

राजाने नवलाने मान डोलावली. बोधिसत्त्वाने तांदूळ चावले आणि पानावर थुंकले. पिठासारखा कोरडा भुगा पडला.

पहारेकऱ्याने ते पान राजापुढे धरले.

"आता माझा हात तोडा," बोधिसत्त्व घोगऱ्या आवाजात म्हणाला, "नाहीतर ही पत्रे पाहा." आणि त्याने थैल्यांतले ढीग राजापुढे मांडून सारा हिशेब सांगितला.

राजाने ऐकले, पाहिले, आणि धर्मघोषांकडे वळून विचारले, "आचार्य, याने काय चोरले?"

धर्मघोषांनी डोक्यावरचे पागोटे उतरवून खाली ठेवले. "काही नाही, महाराज. बाकीच्यांनीही बहुधा काही नाही."

राजाने तांदळाचे दिव्य त्याच क्षणी बंद केले आणि नंदिकेला सोडले. ती मात्र गेली नाही. चिंचोक्यांच्या ढिगापाशी बसून तिने विचारले, "लेखकदादा, यातला माझ्या कुंदकाचा कोणता?"

चिंचोक्यांवर नावे नव्हती. बोधिसत्त्वाने पत्र उचलले आणि सभेत मोठ्याने वाचले, "कुंदक विणकर. निर्दोष." मग दुसरे उचलले. तोडलेला एकही हात परत येणार नव्हता. तरीही दिवस मावळेपर्यंत सारी सभा उभी राहून नावे ऐकत होती.

आजारी भिक्षूंच्या नोंदी ठेवणाऱ्या एका भिक्षूची विहारात थट्टा चालली होती, तेव्हा शास्त्यांनी, म्हणजे भिक्षूंच्या गुरूंनी, ही कथा सांगितली. शेवटी ते म्हणाले, "भिक्षूंनो, त्या जन्मातले धर्मघोष म्हणजे आज थट्टेत सर्वांत पुढे असलेला हा ज्येष्ठ थेर. नंदिका म्हणजे आपल्या विहारात रुग्णांची सेवा करणारी उपासिका. तो लेखक मी होतो, आणि मोजायला बारा वर्षे उशीर करणाराही मीच." लिहिलेल्याकडे वळून पाहणारी आणि त्यासाठी स्वतः उन्हात उभी राहणारी ती प्रज्ञा होय.