बिलावरची दुसरी ओळ

माझी नात सुहिता सोमवारी गणिताच्या परीक्षेला बसणार होती, आणि नेमका तिचा कॅल्क्युलेटर बंद पडला. आम्ही बल्लाळशेठच्या दुकानात गेलो. तिचा हात माझ्या हातात थंडगार होता.

शेठनी सगळ्यात महागडं यंत्र पुढे ठेवलं. "पुढे फायनान्सची पदवी करायचीय ना? मग हेच घे. शाळेलाही चालतं."

"काका, बाई म्हणाल्या, परीक्षेला साधा सायंटिफिकच चालतो."

"बाईंना काय कळतंय! यात सगळी सूत्रं साठवता येतात, पाठांतराची कटकट नाही. आणि आजोबा, तुम्ही शिकलेले नाही, मध्ये बोलू नका. हे नाही घेतलं तर पोरगी मागे पडेल."

सुहिताचे डोळे भरून आले. मी काही बोललोच नव्हतो. पण तीस वर्षं शाळेत शिपाई होतो. परीक्षेच्या दारात मुलांकडून काढून घेतलेल्या, सूत्रं साठवणाऱ्या असल्या यंत्रांची टोपली माझ्याच हातात असायची.

मी म्हणालो, "घेतो, शेठ. फक्त बिलावर दोन ओळी लिहून सही करा. यात सूत्रं साठवता येतात, ही एक. परीक्षेला चालतं, ही दुसरी. दारात अडवलं तर तेच दाखवू."

शेठनी पहिली ओळ झरझर लिहिली. दुसरीपाशी पेन थांबलं.

"लिहा की शेठ," मी म्हणालो. "शिकलेले तुम्ही आहात."

शेठनी ते बिल फाडलं आणि साधा सायंटिफिक काढून दिला.

"पदवीचं यंत्र पदवीच्या वेळी," मी पायरी उतरताना म्हणालो. सुहितानं माझा हात घट्ट धरला. आता तो थंड नव्हता.