चुलीच्या हक्कानं

फार पूर्वी, युरोपात जेव्हा दर डोंगरावर एक सरदार बसलेला असे आणि राजाचं तोंड लोकांना फक्त नाण्यावर दिसे, तेव्हा एका अरण्याच्या काठच्या गावात एक कुंभारीण राहत होती. नवरा मागेच वारला होता, मूलबाळ नव्हतं. मडकी ती फार सुरेख घडवायची. स्वभावाने मात्र अशी, की दुधाने तोंड पोळायच्या आधीच ताक फुंकून प्यायची. कुणी 'बरी आहेस ना?' म्हणून विचारलं, तरी हा आजच का विचारतोय, याचा घोर तिला संध्याकाळपर्यंत पुरे.

त्या मुलुखात हिवाळा म्हणजे चेष्टा नव्हे. बर्फ पडायला लागलं, की ज्याच्या घरी सरपण तो जगला, नाही तो गारठला. गावाची एक जुनी रीत होती. अरण्यातलं उभं झाड कुणी तोडायचं नाही, पण लांब काठीच्या आकडीने जेवढं वाळकं लाकूड ओढता येईल तेवढं गावाचं. आत शिरताना पहिल्या झाडाला आकडी टेकवायची आणि मोठ्याने म्हणायचं, "चुलीच्या हक्कानं." ज्याच्या घरी चूल, त्याला हक्क. नवं जोडपं वेगळं राहू लागलं, की शेजारघरचा विस्तव आणून त्यांची चूल पेटवत, आणि विस्तवाबरोबर आकडीचा हक्कही आला असं धरत. हा विस्तव आईबापाच्या घरचा चालत नसे, शेजाऱ्याचाच लागे. त्यामुळे शेजाऱ्याशी भांडताना माणूस जरा दमाने घेई.

गावावर तेव्हा एका सरदाराचा अंमल होता, आणि तो अंमल म्हणजे निव्वळ जाच होता. त्याचे शिकारी कुत्री घेऊन भर बाजारातून घोडे उधळत. एकदा त्यांनी कुंभारणीची वर्षभराची मडकी टापांखाली चुरा केली, आणि ती रडत वाड्यावर गेली तर तिच्यावर कुत्री सोडली. दाद मागायची कुणाकडे? चोर तोच, कोतवालही तोच.

मग एके वर्षी राजाचं बळ वाढलं. राजाचा कारभारी शिपाई घेऊन आला. त्याने सरदाराचा जकातनाका उखडला, फाशीचा खांब पाडला आणि गावच्या मोठ्या झाडाखाली राजाचं न्यायासन मांडलं. इथे सरदाराविरुद्धसुद्धा फिर्याद करता येईल, म्हणाला. आणि गावाची जी जुनी रीत शाबीत होईल ती राजा मोडणार नाही. कुंभारीण भीत भीत उभी राहिली. न्यायाधीशाने तिचं ऐकून घेतलं आणि सरदाराला भरपाई करायला लावली. गाव आनंदाने नाचलं. दगडापेक्षा वीट मऊ, असं म्हातारे एकमेकांना सांगू लागले.

कुंभारणीलाही बरं वाटलं, ते खोटं नव्हे. पण घरी जाताना तिच्या डोक्यात किडा वळवळलाच: एवढं सगळं केलं, आणि मागितलं काहीच कसं नाही?

मागायला कारभारी पुढच्या वर्षी आला. अरण्याच्या तोंडाशी त्याने एक फाटक बांधलं आणि एक रखवालदार बसवला. पैसा नको, धान्य नको, वेठबिगार नको. आत जाताना 'चुलीच्या हक्कानं' म्हणायचं, त्याऐवजी 'राजाच्या मेहेरबानीनं' म्हणायचं, बस. ज्या राजाने सरदारापासून सोडवलं, त्याचं एवढं नाव घ्यायला काय हरकत आहे? गावाला काहीच हरकत दिसली नाही. शब्दाला का कुठे पैसे पडतात?

कुंभारीण तेवढी मागून पुढे आली. म्हणाली, "कारभारी, ज्याला पैसे पडत नाहीत ते मागायला माणूस एवढ्या लांब घोडा दामटत येत नाही."

लोक हसले. कारभारीही हसला. ज्याने तुझ्या मडक्यांची भरपाई मिळवून दिली त्याच्यावरच संशय घेतेस, असं तिला गावच्या चांभाराने सुनावलं. तिने ऐकून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी फाटकाशी जाऊन, झाडाला आकडी टेकवून, रखवालदाराच्या कानात शिरेल असं म्हटलं, "चुलीच्या हक्कानं."

रखवालदार सरळ माणूस होता. त्याने कारभाऱ्याला विचारलं, हिचं काय करू? कारभारी म्हणाला, एका वेडीने काय होतंय, सोड तिला. पण सगळ्यांच्या मागून सोड. तेव्हापासून कुंभारीण फाटकाबाहेर बर्फात ताटकळत उभी राही. ती आत जाई तोवर चांगलं लाकूड संपलेलं असे, आणि तिच्या वाट्याला ओल्या काटक्या येत. ओल्या सरपणाने भट्टी नीट पेटेना. मडकी अर्धकच्ची राहू लागली, तडकू लागली, गिऱ्हाइकं तुटली. एकटी शेजारची विणकरीण तेवढी तिची तडकी मडकी घेऊन जाई. कुंभारणीला त्याचाही संशय. फुटकं मडकं कोण उगाच घेतं? हिला कारभाऱ्याने तर पाठवलं नसेल?

संशयाचं हे असंच असतं. एकदा घरात घेतला, की तो फक्त पाहुण्यालाच चावत नाही.

एका सकाळी विणकरणीची चूल विझली. वादळाने धुरांड्यातून बर्फ आत आलं होतं. ती हातात खापर घेऊन कुंभारणीच्या दाराशी आली आणि विस्तव मागितला. कुंभारीण आतून अडसराला हात लावून उभी राहिली. हिच्या शेजारी चांभाराचंही घर आहे, मग ही माझ्याकडेच का आली? माझं सरपण मोजायला? तिने दार उघडलं नाही. विणकरीण थोडा वेळ थांबली आणि बर्फ तुडवत चांभाराकडे गेली. दाराच्या फटीतून कुंभारीण तिची पाठमोरी आकृती दिसेनाशी होईपर्यंत पाहत राहिली. पण अडसर काही तिने काढला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. गावातल्या पोरांना जुने शब्द ठाऊकही नव्हते. ती लाकडं आणताना 'मेहेरबानीनं, मेहेरबानीनं' असं गाणं म्हणत. मग म्हातारा राजा वारला आणि त्याचा मुलगा गादीवर बसला. त्याला जहाजं बांधायची होती, आणि जहाजांना अरण्य हवं होतं.

ऐन थंडीत कारभारी आला. फाटकाला कुलूप घालून म्हणाला, जुन्या राजाने मेहेरबानी केली होती, नव्याने ती काढून घेतली. आजपासून काटकीही उचलायची नाही.

गाव न्यायासनासमोर धावलं. आमच्या आज्यापणज्यांपासूनचा हा हक्क आहे, असं सगळे सांगू लागले. न्यायाधीश राजाचाच माणूस, पण त्याचा एक हट्ट होता: जे शाबीत होईल तेच खरं, मग ते राजाच्या सोयीचं असो वा नसो. त्याने रखवालदाराला बोलावलं आणि विचारलं, हे लोक काय म्हणून आत जात होते? रखवालदाराने मान खाली घालून खरं सांगितलं. राजाच्या मेहेरबानीनं, असं म्हणत. रोज. स्वतःच्या तोंडाने.

"सगळे?"

"एक ही कुंभारीण सोडून," रखवालदार म्हणाला. "ही कायम चुलीच्या हक्कानं गेली."

न्यायाधीशाने निकाल दिला. जी मेहेरबानी म्हणून घेतली, ती काढून घेता येते. गावाने स्वतःच तसं म्हटलं आहे. कुंभारणीने हक्क सोडलेला नाही, म्हणून तिच्या चुलीचा हक्क कायम.

ज्या शब्दाला पैसे पडत नव्हते, त्याची किंमत आता प्रत्येकाला कळली. कुणी कुंभारणीकडे बघेना. आणि तिच्या मनात, खरं सांगायचं तर, आधी गारवा पसरला. हसा म्हणावं आता. बर्फात मी एकटी उभी होते, तेव्हा कोण आलं होतं सोबतीला?

तेवढ्यात कारभारी तिच्याजवळ आला. तो आज फारच गोड बोलत होता. म्हणाला, "बाई, तुम्ही जिंकलात. हवं तेवढं लाकूड न्या, सगळ्यांच्या आधी न्या. तुमची चूल आहे तोवर तुम्हाला कुणी हात लावणार नाही."

कुंभारणीच्या कानाला सवयच लागली होती. बाकीचं सगळं गळून गेलं आणि एकच शब्द उरला: तोवर. तिला ना मूल, ना बाळ. आज ना उद्या ती मरणार आणि चूल विझणार. मग चुलीचा हक्क म्हणायला या गावात कोण उरणार होतं? म्हणून तर हा एवढा खूश होता. एकट्याचा हक्क म्हणजे थोडा धीर धरला की आपोआप सरणारी कटकट, हे त्याला पक्कं माहीत होतं.

ती पुन्हा न्यायाधीशासमोर गेली. "महाराज, एक विचारते. विस्तव दिला की त्याच्याबरोबर हक्कही दिला जातो, ही आमची रीत अजून जिवंत आहे का?"

न्यायाधीशाने म्हाताऱ्यांना विचारलं, रखवालदाराला विचारलं. रीत होती, कुणी मोडली नव्हती. कारभाऱ्याचं हसू जरा आखडलं. तो म्हणाला, ती नव्या चुलीची रीत आहे, यांच्या चुली तर पेटलेल्या आहेत, मेहेरबानीच्या लाकडावर. न्यायाधीश विचारात पडला. मग म्हणाला की हेही खरं आहे. जी चूल पूर्ण विझवली आणि हक्काच्या विस्तवाने नव्याने पेटवली, तीच नवी धरता येईल. उद्या दुपारपर्यंत मी गावात आहे, तोवर काय ते करा.

हे बोलायला सोपं होतं. बाहेर गोठवणारी थंडी, घराघरांत लहान पोरं, आणि चूल विझवायची कुणाच्या भरवशावर? तर जिने शेजारणीला बर्फातून रिकाम्या हाताने परत पाठवलं, तिच्या. सगळ्यांना ते ठाऊक होतं. उद्या तिने अडसर काढलाच नाही तर? सरपणही गेलं आणि विस्तवही गेला, म्हणजे आगीतून फुफाट्यात. चांभार उघडच म्हणाला, ती सूड उगवल्याशिवाय राहणार नाही.

कुंभारणीने हे ऐकलं आणि तिची मान खाली गेली. आयुष्यभर तिने लोकांवर संशय घेतला होता. आज तिच्यावर घेतला जात होता. तो किती गार लागतो हे तिला आत्ता कळलं. आपण वचन दिलं तर ते कोण खरं मानेल, असं वाटून ती घरी निघून गेली.

सकाळी ती दाराशी आली. समोर सगळ्या धुरांड्यांतून धूर निघत होता. ती बघत राहिली. आणि मग एका धुरांड्याचा धूर आधी दाट झाला, पांढरा झाला आणि थांबला. ते विणकरणीचं घर होतं. तिने स्वतःच्या चुलीवर घागर ओतली होती.

गावाने ते पाहिलं. जिला दारातून परत पाठवलं तीच विश्वास ठेवते, तर आपण कोण, असं वाटलं असेल, किंवा दुसरा उपायच नव्हता. चांभाराच्या घरचा धूर सर्वांत शेवटी थांबला. गावावर नुसतं बर्फ उरलं.

कुंभारणीने अडसर काढला. नुसता काढला नाही, तर भट्टीत घालून जाळला. दार सताड उघडं राहिलं. विणकरीण पुढे आली. तिच्या हातातलं मडकं कुंभारणीचंच होतं, एका अंगाने तडकलेलं.

"एवढी फुटकी मडकी का घेत होतीस गं?" कुंभारणीने विचारलं.

"तू उपाशी राहू नयेस म्हणून," विणकरीण म्हणाली. "दुसरं काय?"

कुंभारणीचे डोळे भरून आले. तिने चिमट्याने सर्वांत लाल निखारा उचलला, मडक्यात ठेवला आणि वर राख पसरली. मग रांगच लागली. चांभाराला निखारा देताना मात्र ती म्हणाली, जरा मोठा देते, तुला भरवसा कमी आहे.

दुपारी न्यायाधीशाने घरोघरी फिरून चुली पाहिल्या आणि फाटकाचं कुलूप काढायला लावलं. अख्खं गाव आकड्या घेऊन आत शिरलं. पोरांना नवे शब्द शिकवावे लागले, जे खरं तर सर्वांत जुने होते.

काही वर्षांनी कुंभारीण वारली. तिचा विस्तव तेव्हा घराघरांत होता. ती गेल्याचं कळताच कारभारी पुन्हा आला, आता पिकल्या केसांचा आणि आणखी गोड. चुलीचा हक्क खुशाल म्हणा, म्हणाला. फक्त त्याच्या आधी 'राजाच्या आशीर्वादानं' एवढं जोडा. शब्दच तर आहे.

मग विणकरणीने हातातली आकडी जमिनीवर टेकवली आणि शांतपणे विचारलं, "कारभारी, ज्याला पैसे पडत नाहीत ते मागायला एवढ्या लांब का बरं आलात?"

या खेपेला कुणीही हसलं नाही. कारभाऱ्याने घोडा वळवला.

तात्पर्य: आपल्या हक्काला चुकूनही कुणाची मेहेरबानी म्हणू नये, आणि संशय घ्यायचाच तर सत्तेच्या गोड शब्दावर घ्यावा, विस्तव मागायला आलेल्या शेजाऱ्यावर नव्हे, कारण हक्क एकट्याच्या चुलीवर फार दिवस तगत नाही.