सासूबाईंची चाल

चालण्याच्या तपासणीत सासूबाई नापास झाल्या, तर त्यांचं पित्ताशयाचं ऑपरेशन लांबणार, या धास्तीने माझा रात्रभर डोळा लागला नाही. जणू परीक्षा माझीच होती. डॉक्टर टिपणीस दहाऐवजी बाराला उगवले आणि घड्याळ लावून म्हणाले, "चाला!"

सासूबाई निघाल्या, पण बाकावर गावची शेवंताकाकू दिसली. "जेवलीस का गं?" विचारल्याशिवाय पुढे कशा जातील?

"फारच हळू! अशक्त आहात," डॉक्टर गरजले.

"माणूस भेटलं की उशीर होतोच," सासूबाई म्हणाल्या. "तुम्हाला तर शेजारच्या खोलीतून इथवर यायला दोन तास लागले. मग आधी ऑपरेशन कुणाचं करायचं?"

डॉक्टरांनी घड्याळ पुन्हा शून्यावर आणलं.

माझी चार वर्षांची रेवती कळवळून म्हणाली, "काका, आजीचं बोट धरा. पडणार नाही तुम्ही."