हंसांच्या पायांतले सोन्याचे वाळे

फार पूर्वी चंपकपुरात राजा पृथुसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व हंसकुळात जन्मून एका थव्याचा नायक झाला होता. हा थवा हिवाळ्यात राजाच्या तळ्यावर उतरे आणि ऊन तापू लागले की हिमालय ओलांडून परत जाई. अंडी-पिले तिकडेच व्हायची.

राणी सुभगेला मूलबाळ नव्हते. तिने सारी माया हंसांवर ओतली. त्या नगराची रीतच होती, पाहुण्याला अंगावर दागिना घातल्याशिवाय निरोप द्यायचा नाही. राणीने सोनार बसवले आणि हंसांच्या पायांत सोन्याचे वाळे घातले, तेही चांगले जाडजूड! हात आखडता घेईल ती राणी कसली? एकट्या नायकाने नम्रपणे नको म्हटले. बाकीचे काय विचारता! काठावरून ठुमकत चालले होते नुसते. सांगून कोणी ऐकणार नाही, हे ओळखून नायक गप्प राहिला.

वैशाख लागला, तळे आटत चालले. निघायच्या सकाळी थवा धावला, पंख फडफडले आणि सगळे धपाधप चिखलात! टिटव्या पोट धरून हसल्या. नायकालाही हसू आवरेना. पण आता उशीर झाला तर इथे पाणी उरणार नाही आणि तिकडे घरटी होणार नाहीत, थवा उन्हाने मरेल, हे त्याला ठाऊक होते. तो तडक राणीकडे गेला.

"आई, मला जरा उचलून बघ."

राणीने दोन्ही हात लावून जोर केला आणि तोल जाता जाता सावरली. "अगंबाई! एवढा थोरला दिसतोस आणि इतका हलका?"

"आमचा देह टाकून टाकून घडलाय, आई. दात जड, म्हणून तोंडात दातच नाहीत. दळायचं जातं पोटात, अंगाच्या मधोमध, म्हणजे तोल जात नाही. हाडं वेळूसारखी पोकळ, पण आतून बारीक आडवे टेकू, म्हणून मोडत नाहीत. श्वास छातीत थांबत नाही, पिशव्यांमधून हाडांपर्यंत खेळतो, म्हणून उंच पहाडावरही धाप लागत नाही. ठेवलंय ते फक्त छातीचं हे उभं हाड. पंखांचं बळ त्यालाच धरून असतं. अशा अंगावर तुझं सोनं कुठं ठेवू?"

शेजारी उभा असलेला राजा म्हणाला, "मग जाताच कशाला? तळं भरून देतो, कमलकंद चारतो. इथंच राज्य कर."

"महाराज, तळं भरलं तरी इथलं ऊन आम्हाला सोसायचं नाही. आणि उडायचं सोडून मिळालेलं राज्य हंसाच्या काय कामाचं?"

राणीचे डोळे भरले, पण तिने सोनार बोलावले. वाळे भराभर निघाले. मधुरक नावाचा तरुण हंस मात्र पाय पोटाशी घेऊन बसला. "मी नाही काढणार! मी इथंच राहीन. तुम्ही जा."

"बरं," नायक शांतपणे म्हणाला, "मग मीही राहतो. या उन्हात तुला एकट्याला तडफडत ठेवून मला उडता येणार नाही." आणि तो त्याच्या शेजारी बसला.

वाट नायकालाच ठाऊक होती. मग सारा थवाही खाली बसला. मधुरकाने एकदा वाळ्याकडे पाहिले, एकदा आपल्यासाठी मरायला बसलेल्या सोबत्यांकडे. त्याला रडू फुटले. त्याने पाय सोनारापुढे केला.

"पण लेकरांनो, रिकाम्या हातानं कसं धाडू रे?" राणी म्हणाली.

"नदीची जाड वाळू दे, आई. पोटातल्या जात्याला खडे लागतात."

राणी खळखळून हसली. तिने सोन्याच्या ताटात वाळू आणली आणि एकेकाला आपल्या हाताने भरवली. मग थवा उठला, आणि सगळ्यांत आधी मधुरक वर गेला! राजाराणी लहान मुलांसारखी टाळ्या पिटत राहिली.

जेतवनातल्या विहारात ही कथा सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, म्हणाले, "भिक्षूंनो, ती राणी म्हणजे आज तुम्हाला थंडीसाठी कांबळी वाटणारी उपासिका वासिट्ठी. पृथुसेन तिचा पती. थव्याचा नायक मीच होतो. आणि मधुरक? तो बघा, तो भिक्षू, एक पुरत असताना कांबळ्यांचं गाठोडंच पाठीवर घेऊन दारात धापा टाकतोय."

भिक्षू हसले. तो भिक्षूही लाजून हसला, आणि त्याने गाठोडे दाराबाहेर कुडकुडणाऱ्या वाटसरूंपुढे सोडले.

"यालाच नैष्क्रम्य पारमिता, म्हणजे सोडून देण्याची पूर्णता, म्हणतात," शास्ते म्हणाले. "ये बाळ, आत ये."